उसना खोकला

४ ऑक्टोबर

थोर माणसं दैनंदिनी लिहितात. मी थोर झाल्याचं आज दुपारी दिग्दर्शकाकडून कळलं, तेव्हा उशीर नको म्हणून आजच सुरुवात करतो. मालिका संपताना पडद्यावर जी नावं धावतात, त्यांत पुढच्या महिन्यापासून माझंही नाव धावणार आहे. रंगभूषा, केशभूषा, गाड्यांची सोय आणि चहापाणी यांच्यानंतर, पण धावणार.

उद्या कोणी ही वही वाचलीच तर त्याला माझा धंदा कळायला हवा. मी डबिंग करतो. पडद्यावर तोंड एकाचं हलतं, आवाज दुसऱ्याचा असतो. तो दुसरा मी. उभं आयुष्य मी गर्दीतला 'पकडा, पकडा' होतो, फोनवरचा 'राँग नंबर' होतो, कोर्टातला 'शांतता राखा' होतो. गेली दोन वर्षं मात्र मी एका मालिकेतल्या आजारी आजोबांचा खोकला आहे. आजोबांचं काम करणारे नटश्रेष्ठ स्वतः बोलतात, पण खोकत नाहीत. खोकल्याने त्यांचा गळा बसतो म्हणे. चित्रीकरणात ते तोंडाशी रुमाल धरून नुसते खांदे उडवतात. मग मी स्टुडिओतल्या बंद खोलीत माइकसमोर उभा राहतो आणि पडद्यावरच्या त्या खांद्यांवर नजर ठेवून त्यांच्या वतीने खोकतो. बक्षिसं ते घेतात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"काका," दिग्दर्शक म्हणाला, "गेल्या महिन्यापासून तुमच्या खोकल्याला काय वजन आलंय! आजोबांना आम्ही या महिन्यात मारणार होतो. आता नाही मारत."

दिग्दर्शक माझ्या मुलीपेक्षा लहान आहे, पण पोराला कळतं. इतक्या वर्षांच्या रियाजाला एकदाचं फळ आलं.

९ ऑक्टोबर

घरात मात्र गाढवाला गुळाची चव काय. जावयाला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. तो तिथे घर बघतोय, तोवर लेक आणि तीन वर्षांची नात आमच्याकडे राहायला आल्या आहेत. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली अजून कोणी पाहिली नाही. दोन खोल्यांत चार माणसं. माझा रियाज सगळ्यांना फुकट ऐकायला मिळतो, पण कृतज्ञता म्हणाल तर शून्य.

"स्टुडिओत खोकायचे पैसे मिळतात," आमची ही म्हणाली. "घरात कोणासाठी खोकताय?"

"रियाज आहे."

"जेवताना रियाज? आणि झोपेत खोकता तो?"

"कलावंत झोपेतही कलावंतच असतो."

"अहो, घरात लहान मूल आहे. इतके दिवस खोकला राहिला की छातीचा फोटो काढतात. जाऊन काढून या."

"आजवर माझ्या चेहऱ्याचा फोटो कोणी छापला नाही, आणि आता एकदम छातीचा?" मी म्हटलं. लेक हसली. ही हसली नाही. हिला माझ्या विनोदावर हसायची सवय अजून लागायची आहे, आणि आता मला घाई नाही.

१५ ऑक्टोबर

शिंप्याकडून पँट आणली. कंबर इतकी ढिली की पट्टा आवळूनही खाली येते. माप त्याच्याकडे जुनंच आहे, कापड मीच दिलेलं, तरी चुकला. विचारलं तर म्हणतो, "तुम्हीच बारीक झालात." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण शिंप्यांसाठीच केलेली असावी.

हिने औषधवाल्याकडून खोकल्याची बाटली आणली आहे. सकाळ-संध्याकाळ चमचा तोंडापुढे धरते. मी तोंडात घेतो, खिडकीपाशी जातो आणि कुंडीत सोडतो. उद्या खरंच खोकला थांबला तर माइकसमोर काय करू, खांदे उडवू? कुंडीतल्या झाडाची तब्येत मात्र उत्तम आहे. आठवडाभरात एकदाही खोकलेलं नाही.

१८ ऑक्टोबर

आज सुट्टी होती. भिंगरीला मांडीवर घेतलं आणि घराण्याची विद्या तिच्या हवाली करायला सुरुवात केली.

जगाला वाटतं, खोकला म्हणजे खोकला. तसं नसतं. दाराबाहेरचा खोकला वेगळा, त्याचा अर्थ 'मी आत येतोय, सावरून बसा'. सभेतला वेगळा, त्याचा अर्थ 'वक्त्याने आता आटपावं'. सासरेबुवांचा खोकला चहाची आठवण करून देतो. लबाडाचा खोकला उत्तर सुचेपर्यंत वेळ काढतो. आणि आजाऱ्याचा खोकला, जो मी करतो, तो पोटातून निघून डोळ्यांत पाणी आणून संपतो. कुठलाही खोकला मला ऐकवा, खरा की खोटा ते मी डोळे मिटून सांगेन. खोटा खोकला गळ्यात सुरू होतो आणि माणसाला हवा तेव्हा थांबतो. खऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

भिंगरीने सासरेबुवा पहिल्याच दमात उचलले. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, माझे गाल दोन्ही हातांनी धरून ती बघत होती की आवाज नेमका येतो कुठून. "आबा, पुन्हा," म्हणते. आबा पुन्हा करतात. शेजारीण पीठ मागायला आली, तर पोरीने दारातच असा खोकला दिला की बाई चहा न घेता परत गेली.

२३ ऑक्टोबर

संध्याकाळ झाली की अंग थोडं तापतं. फार नाही, पण कसकस वाटते आणि कंटाळा येतो. सकाळी पुन्हा ठणठणीत. कलावंताच्या अंगात थोडी आग हवीच. ही रोज सकाळी माझी उशी उन्हात टाकते, म्हणते भिजलेली असते. मी घोंगडीला दोष देतो. घोंगडी नवी आहे आणि हिच्या बहिणीने दिलेली आहे, म्हणजे दोष तिचाच.

२९ ऑक्टोबर

कानसेनबाईंनी आज माझा अपमान केला. या आमच्या ध्वनिमुद्रणाच्या बाई. कानावर हेडफोन चढवले की त्यांना भिंतीतल्या मुंगीची शिंक ऐकू येते, म्हणून स्टुडिओतले सगळे त्यांना कानसेन म्हणतात. टेक उत्तम झाला होता. नटश्रेष्ठांचे खांदे आणि माझा खोकला अगदी एकजीव. बाईंनी हेडफोन काढून ठेवले आणि काचेमागून मला बाहेर बोलावलं.

"काका, हे ऐका. हा तुमचा गेल्या वर्षीचा." त्यांनी खोकला लावला. "आणि हा आजचा."

ऐकला. आजचा कितीतरी सरस होता. तसं मी म्हणालो.

"सरस नाही हो. जुन्यात खोकला संपला की तुम्ही लगेच श्वास घेताय, मोकळा. इथे खोकला थांबला तरी आत काहीतरी वाजतंय. घरघर आहे. गेला महिनाभर मी ती कापून काढतेय." मग म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा काका. या खोलीला खिडकी नाही. तुम्ही आत असता, तुमच्यानंतर आम्ही सगळे तीच हवा घेतो."

म्हणजे आता माझ्या हवेचाही त्रास! मी तडक दिग्दर्शकाकडे गेलो आणि सांगितलं की बाई माझं काम कापतात. त्याने दोन्ही आवाज ऐकले आणि डोळे विस्फारले.

"हे कापताय?" तो बाईंवर ओरडला. "हेच तर हवंय! ती घरघर वाढवा."

घरघर वाढवली. बाईंनी जाताना त्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं. जळणाऱ्यांना जळू द्यावं.

६ नोव्हेंबर

सकाळी खोकल्यावर रुमालाला गुलाबी डाग लागला. दातांचा ब्रश बदलायला हवा, केस फार कडक आहेत. रुमाल मीच धुतला. ही दारात उभी राहून बघत होती.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा रुमाल धुताय," म्हणाली.

"शिकतोय."

"दाखवा."

"ओला आहे."

हिने हात पुढे केला होता तो मागे घेतला आणि आत गेली.

खरं लिहायची हीच जागा आहे म्हणून लिहितो. ब्रश जुनाच आहे आणि त्याचे केस केव्हाच मऊ पडलेत. पण डॉक्टरकडे गेलो आणि त्याने खोकला काढून टाकला, तर मी कोण? पुन्हा 'राँग नंबर'? नाव यायला आठवडा उरला आहे. एकदा नाव येऊ दे, मग कुठल्याही डॉक्टरसमोर छाती उघडून बसेन.

१४ नोव्हेंबर

नाव आलं. असं ऐकतो.

आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो होतो. शेजारीणही आली होती, भिंगरीपासून अंतर राखून. भाग संपला, नावं धावू लागली. रंगभूषा गेली, केशभूषा गेली, गाड्या गेल्या, आणि चहापाण्यापाशी मला खोकल्याची अशी उबळ आली की मी गुडघ्यात डोकं घालून बसलो. वर पाहिलं तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

"आलं, आलं!" लेक टाळ्या वाजवत होती. भिंगरी माझ्या पाठीवर थापट्या मारत होती. ही पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने नाव पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"झालं ना नाव?" एवढंच म्हणाली. "आता चला."

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा हिला कंटाळा कसा येत नाही, याचं मला नवल वाटतं.

२१ नोव्हेंबर

दुपारी लेक आणि ही बाजारात गेल्या. भिंगरी माझ्या शेजारी झोपली होती. मी पुढच्या भागाची पानं चाळत पडलो होतो. आजोबा आता अंथरुणाला खिळणार आहेत, म्हणजे मला भरपूर काम. शेजारून खोकला आला.

सवयीने मी डोळे मिटले आणि गुण द्यायला बसलो. सासरेबुवा नव्हते. दाराबाहेरचा नव्हता. पोटातून येत होता, लहानसा, ओला. मला हसू आलं. म्हटलं, पोरगी सगळ्यात अवघड खोकला शिकली की! तिच्याकडे वळलो, शाबासकी द्यायला. ती झोपलेली होती. तोंड उघडं, मूठ गालाखाली, गाढ झोपेत. पुन्हा खोकली आणि डोळे न उघडताच कूस बदलली.

झोपेत कोणी नाटक करत नाही. हे मला माहीत आहे. माझा धंदाच आहे तो.

मी उठून भिंतीला टेकून बसलो. तिच्यापासून लांब. मला खोकला येत होता आणि मी तो दाबत होतो, उशी तोंडावर धरून. पोरीने माझे गाल धरून माझ्या तोंडात बघितलं होतं, ते आठवत होतं. कुंडीतलं झाड समोर खिडकीत हिरवंगार होतं.

दोघी परत आल्या तेव्हा मी चप्पल घालून दारात उभा होतो.

"कुठे निघालात?" हिने विचारलं.

"छातीचा फोटो काढायला."

ती भाजीची पिशवी तिथेच ठेवून माझ्याबरोबर निघाली.

२२ नोव्हेंबर

काल पोचेपर्यंत छातीचा दवाखाना बंद झाला होता, म्हणून आज सकाळीच गेलो. बाकावर सगळेच खोकणारे. इतके अस्सल कलावंत एका छताखाली मी कधी पाहिले नव्हते, आणि एकालाही नावाची हौस नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण, चष्मा, तोंडावर मास्क. मला आणि हिलाही एकेक मास्क दिला.

"खोकला कधीपासून?"

"दोन वर्षं पगारी," मी म्हटलं. "अडीच-तीन महिने बिनपगारी."

बाईंनी हिच्याकडे बघितलं. हिने धंदा समजावून सांगितला. मग ताप, घाम, वजन, रुमाल हे सगळं हिनेच भराभर सांगितलं. रुमालाचंही सांगितलं. डाग धुऊन जात नाहीत म्हणे. मी आपला शेजारी बसून माझीच गोष्ट नव्याने ऐकत होतो.

फोटो निघाला. मग तपासणीसाठी एक डबी दिली, उघड्या आवारात जाऊन त्यात खोकून आणायला. म्हटलं, चला, शेवटी माझ्या प्रांतातलं काम. आवारात उभा राहिलो, खांदे सैल सोडले, आणि आजोबांचा अंथरुणावरचा खोकला असा काही दिला की झाडावरचे पक्षी उडाले. डबी खिडकीत नेऊन ठेवली. आतल्या बाईने ती उजेडात धरली आणि परत केली.

"आजोबा, ही थुंकी आहे. छातीतला बेडका हवाय."

"मी व्यवसायाने..."

"वरवर खोकलात. लांब श्वास घ्या आणि आतून काढा."

उभ्या आयुष्यात माझा खोकला वरवरचा ठरला तो आज. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मला कसं काढायचं ते करून दाखवलं, आणि मी त्याचं पाहून केलं.

२४ नोव्हेंबर

क्षय आहे. टीबी.

डॉक्टरीणबाईंनी फोटोत वरच्या कोपऱ्यातलं पांढरं दाखवलं. औषधाने बरा होतो, म्हणाल्या, पण सहा महिने एकही दिवस न चुकवता, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही. पहिले काही आठवडे वेगळी खोली, खिडक्या उघड्या, तोंडावर मास्क. आणि घरात, कामावर जे जे जवळ होते त्यांची तपासणी.

"घरात लहान मूल आहे का?" त्यांनी विचारलं.

हिने मान हलवली. मी जमिनीकडे बघत होतो.

"जवळ घेत होतात?"

"शिकवत होतो," मी म्हटलं.

२५ नोव्हेंबर

लेकीला काल संध्याकाळी सगळं सांगितलं. मी आतल्या खोलीत, ती उंबऱ्याबाहेर, मध्ये उघडं दार.

"बाबा, आई रोज सांगत होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यापेक्षा वाईट होता. "रोज. आणि तुम्ही पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर खोकत होतात. मी हसत होते. मी पण हसत होते, बाबा!"

एरवी उत्तर सुचेपर्यंत मी लबाडाचा खोकला काढतो, तोही काल काढवेना. म्हटलं, "चुकलं माझं." फार लहान शब्द आहेत, पण माझ्याकडे तेवढेच होते.

आज भिंगरीच्या हातावर तपासणीची सुई टोचली आहे. छातीचा फोटो काढताना ती हलली म्हणून दोनदा काढावा लागला. उत्तर दोन दिवसांनी.

२६ नोव्हेंबर

भिंगरी बाहेरच्या खोलीत खोकते आहे. दर वेळी मी डोळे मिटून ऐकतो. खरा. खरा. मग एक खोटा, सासरेबुवा, मला हाक मारण्यासाठी. आई तिला दाराजवळ येऊ देत नाही, तर पोरगी लांबूनच विचारते, "आबांना चहा हवाय का?" मग पुन्हा खरा.

२७ नोव्हेंबर

भिंगरीला क्षय नाही. फोटो स्वच्छ. हातावर काही उमटलं नाही. खोकला साध्या सर्दीचा, जो गल्लीतल्या सगळ्या पोरांना झाला आहे. तरी लहान आहे आणि आबा असे आहेत म्हणून तिला काही महिने बचावाचं औषध द्यायचं. लेक आणि ही, दोघींचंही काही निघालं नाही. कानसेनबाईही तपासून आल्या. त्यांचंही ठीक.

बाईंनी फोन करून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुमचे कान खरे."

"कान सगळ्यांचेच खरे असतात काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकत नव्हता." आणि मग, "औषध घ्या वेळेवर."

मी फोन ठेवून उशीत तोंड खुपसून रडलो. ही दारात उभी होती. आत येऊ नको म्हटलं तर म्हणाली, "दारातूनच बघते. रडताना तरी खांदे खरे हलतायत."

तिची जीभ पहिल्यापासून अशी आहे. तिच्यापुढे मी कसला उपरोधी?

८ डिसेंबर

गोळ्या मूठभर. लघवी नारिंगी होते, अगदी सरबतासारखी. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं नसतं तर मी मृत्युपत्र लिहायला बसलो असतो. ही रोज दारापर्यंत गोळ्या आणते, मी गिळेपर्यंत उभी राहते आणि मग म्हणते, "जीभ दाखवा." कुंडी तिने केव्हाच गॅलरीत हलवली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ती मला परवा म्हणाली. मी म्हटलं, कळसा कुंडीत होता. दोघंही हसलो. तिला हसताना पाहून मला जरा वेळ कळेना की विनोद नेमका कोणाचा होता.

१९ डिसेंबर

दिग्दर्शकाचा फोन. फळांची टोपली पाठवतो म्हणाला. मग मुद्द्यावर आला: काळजी करू नका, साठ्यातला खोकला पुष्कळ आहे, तोच लावतोय.

"कुठला?"

"ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. सोनं आहे, काका."

मी म्हटलं, एक विनंती आहे. आजोबांना एकदा डॉक्टरकडे न्या. एकाच भागात. दोन वर्षं माणूस खोकतोय, घरात इतकी सुना-नातवंडं, एकाला सुचू नये? बघणाऱ्यांपैकी एखादा तरी उठून जाईल तपासायला.

तो मनापासून हसला. "आजोबा बरे झाले तर मालिका कशावर चालणार?"

त्याचं बरोबर आहे. अगदी हेच मी नोव्हेंबरात या वहीत लिहून ठेवलं आहे, थोड्या वेगळ्या शब्दांत.

११ जानेवारी

पुन्हा तपासणी झाली. आता माझ्यापासून कोणाला धोका नाही. लेक स्वतः भिंगरीला आतल्या खोलीत घेऊन आली. मास्क काढायला सांगितलं तरी मी काढला नाही. भिंगरी चांगली वाढली आहे. नाहीतर मीच लहान झालो असेन. "आबा, खोका," म्हणाली.

"येत नाही गं आता."

"विसरलात?"

"हो."

"मी शिकवते," म्हणाली. तिच्या आईने तिला उचलून घेतलं, पण लगेच नेलं नाही. थोडा वेळ दोघी तिथेच बसल्या.

परवा दोघी जावयाकडे जाणार. घर मिळालं आहे, भरपूर खिडक्या आहेत म्हणे. लेकीने दोनदा सांगितलं.

२ मार्च

शिंप्याचं माप बरोबर होतं. पँट बसते. जाऊन सांगून आलो. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं," आणि मी ऐकून घेतलं. आजकाल हेच वाक्य मी वेगवेगळ्या लोकांकडून ऐकत फिरतो.

संध्याकाळी टीव्ही लावला. आजोबा अंथरुणावर, सून काढा घेऊन उशाशी, आणि पडद्यातून तो खोकला. माझाच. मी खुर्चीत धडधाकट बसून शेंगदाणे खात होतो आणि तिकडे मी घरघरत होतो. हिने उठून टीव्ही बंद केला.

"मला नाही ऐकवत," म्हणाली. इतके महिने जीभ दाखवा, जीभ दाखवा करणारी बाई इतकी घाबरलेली होती, हे मला आज कळलं. मी तिचा हात धरला आणि शेंगदाणे तिच्यापुढे सरकवले.

२० एप्रिल

साठ्यातला खोकला संपला, तसे आजोबा गेले. नटश्रेष्ठांनी डोळे इतके छान मिटले म्हणे की बक्षीस नक्की. नावांच्या यादीत आता चहापाण्यानंतर कोणी नाही.

२६ मे

औषध संपलं. फोटोत जुन्या जखमेचा व्रण आहे, बाकी स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुटलात. बाकावर एक नवा माणूस हातात डबी घेऊन गोंधळलेला होता, त्याला मी आवारात नेऊन लांब श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. फुकट. नाव न लावता.

घरी येतो तो लेकीचा फोन. भिंगरीचंही औषध संपलं, तिला आबांशी बोलायचंय.

"आबा, ऐका हं. नवीन आहे."

आणि तिने खोकून दाखवलं. मी डोळे मिटले. सुरुवात गळ्यातून. मध्येच फिसकन हसली. हवा तेव्हा थांबवला, आणि नंतर घेतला तो श्वास मोकळा, स्वच्छ, काचेसारखा. असा टाकाऊ, असा धादांत खोटा खोकला मी माझ्या उभ्या हयातीत ऐकला नव्हता. कुठल्याही स्टुडिओने तिला दारातून हाकललं असतं.

"काय म्हणते?" हिने विचारलं. माझ्या डोळ्यांकडे बघून ती घाबरून जवळ आली होती.

"खोटं खोकते," मी म्हटलं. "अगदी खोटं."

हिने फोनला कान लावला. तिकडून भिंगरी विचारत होती, "आबा, जमलं का?"

"नाही जमलं," मी म्हटलं. "पुन्हा करून दाखव बरं."